विश्लेषण : पगारपत्रकातील ‘ईएसआय’ कपात आली कुठून? उपचाराचे पैसे कोणी भरायचे, हा प्रश्न आणि डॉ. आंबेडकर

सानपाडा : महिन्याच्या सुरुवातीला मोबाइलवर पगारपत्रक येते. सानपाड्यातील एखाद्या सोसायटीचा सुरक्षारक्षक असो, तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यातला मशीन ऑपरेटर असो किंवा वाशीच्या कार्यालयातील हाउसकीपिंग कर्मचारी, कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’ अशी एक ओळ असते. वेतन १८ हजार रुपये असेल तर कपात होते १३५ रुपयांची. बहुतेक जण ती बघतात आणि हाती किती आले याकडे वळतात.

त्याच महिन्यात मालकही त्या कामगाराच्या नावाने ५८५ रुपये भरतो. म्हणजे दोघांचे मिळून ७२० रुपये एका मोठ्या सामाईक निधीत जातात. कामगार आजारी पडला, जायबंदी झाला किंवा महिला कामगार बाळंत झाली, तर उपचार आणि बुडालेला पगार या निधीतून दिला जातो.

आजाराचा खर्च रुग्णाच्या खिशातून नाही, मालकाच्या मर्जीवर नाही, तर आधीच जमवलेल्या निधीतून करायचा, ही कल्पना आपल्याकडे १९४०च्या दशकात आकाराला आली. त्या काळात केंद्रात मजूर खाते सांभाळत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. घटनाकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात. पण ‘उपचाराचे बिल कोणाच्या नावावर फाडायचे’ या प्रश्नाशी त्यांचा संबंध जवळपास २० वर्षांचा होता. ही त्याचीच गोष्ट.

सुरुवात परळच्या चाळीत

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे बालपण साताऱ्यात आणि नंतर मुंबईत गेले. वडील रामजी सकपाळ लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आई भीमाबाई यांचे निधन झाले तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते.

मुंबईत आधी लोअर परळच्या डबक चाळीत आणि नंतर परळच्या बीआयटी चाळीत कुटुंबाचा मुक्काम होता. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली आणि शहरातील दाटीवाटीची वस्ती सुधारण्यासाठी १८९८ मध्ये हा ट्रस्ट स्थापन झाला. आजूबाजूला सगळी गिरणी कामगारांची वस्ती. आजारपण म्हणजे दोन तोटे एकदम, औषधाचा खर्च आणि बुडालेली मजुरी. तिथल्या प्रत्येक घराला हा हिशेब तोंडपाठ होता.

बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. ही पदवी मिळवली. विषय होता रुपयाचा प्रश्न. म्हणजे पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि त्याचा भार शेवटी कोणावर पडतो, हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग होता.

घरात मात्र आजारपणाने पाठ सोडली नाही. रमाबाई आणि बाबासाहेबांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच दगावली. सर्वात धाकटा राजरत्न जुलै १९२६ मध्ये गेला. मोठा मुलगा यशवंत तेवढा राहिला. दीर्घ आजारानंतर २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचेही निधन झाले. परदेशातील उच्च पदव्या असलेल्या माणसाच्या घरात हे घडले. मजुरीवर जगणाऱ्या शेजाऱ्यांच्या घरात काय होत असेल, हे त्यांना कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

१९२८ : बाळंतपणाचा खर्च कोणाचा?

मुंबई कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १९२७ मध्ये त्यांनी काम सुरू केले. पुढच्याच वर्षी, जुलै १९२८ मध्ये, कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना प्रसूतीच्या काळात रजा आणि पैसे देण्याचे विधेयक सभागृहात चर्चेला आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला.

त्या चर्चेत विरोधकांचा मुद्दा साधा होता. मालकाने या बाळंतपणाचे पैसे का द्यायचे? बाबासाहेबांची भूमिका दोन पायऱ्यांची होती. आई आणि बाळाची काळजी ही साऱ्या समाजाच्या हिताची गोष्ट आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरे तर सरकारने उचलायला हवा, ही पहिली पायरी. मात्र स्त्रियांच्या श्रमातून मालकाला फायदा होतो, तेव्हा तो पूर्णपणे हात झटकू शकत नाही, ही दुसरी.

मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. देशातील अशा प्रकारचा तो पहिला कायदा मानला जातो. मात्र पैसे देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर आली. बाबासाहेब ज्या सरकारी वाट्याबद्दल बोलले होते, तो त्यात आला नाही.

मालकाने थेट पैसे दिले तर काय बिघडते?

कागदावर ही व्यवस्था चांगली दिसते. प्रत्यक्षात तिच्यात एक मोठी अडचण आहे. ज्याच्या कारखान्यात जास्त स्त्रिया, त्याला जास्त खर्च. मग मालकापुढे सोपा मार्ग उरतो. स्त्रियांना कामावर घ्यायचेच नाही, किंवा दिवस गेल्याचे कळताच काढून टाकायचे. अशा तक्रारी पुढच्या काळात सतत येत राहिल्या. मुंबईच्या गिरण्यांत स्त्रियांचे प्रमाण नंतर घटत गेले. त्याला नवी यंत्रे, रात्रपाळीवरील बंदी अशी इतरही कारणे होती, पण हा खर्च टाळण्याचा मोह हे त्यातले एक.

आजच्या भाषेत याला ‘इन्सेंटिव्ह’ म्हणतात. पैसे देणाऱ्याला ज्या गोष्टीचा खर्च थेट सोसावा लागतो, ती गोष्ट टाळण्याकडे त्याचा कल असतो. कायद्यात हक्क लिहिला, पण पैशाची वाट चुकीची आखली, तर ज्याच्यासाठी हक्क लिहिला तोच बाहेर फेकला जातो.

१९४२ : मजूरमंत्री आंबेडकर

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक विवाद विधेयकाविरोधात मुंबईत एक दिवसाचा मोठा संप झाला, त्यात त्यांचा पक्ष पुढे होता. त्यानंतर जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांची नेमणूक झाली. आजच्या हिशेबाने केंद्रीय कामगारमंत्री. १९४६ च्या मध्यापर्यंत ते या पदावर होते.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा. कारखाने तीन पाळ्यांत चालत होते, धान्य महाग झाले होते आणि ब्रिटिश सरकारला उत्पादन थांबू द्यायचे नव्हते. या परिस्थितीत मालक, कामगार आणि सरकार अशा तिघांना एका टेबलावर बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा भरू लागल्या. कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९४४ मध्ये दत्तात्रय रेगे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयकही त्यांनीच मांडले.

या चार वर्षांत उपचार आणि लाभाचे पैसे उभे करण्याच्या तीन वेगवेगळ्या पद्धती त्यांच्या खात्यातून पुढे गेल्या. त्या एकेक करून पाहू.

पद्धत पहिली : थेट मालकाकडून

खाणीत काम करणाऱ्या स्त्रियांसाठी १९४१ चा प्रसूती लाभ कायदा होता. त्यातील त्रुटी दूर करणारे दुरुस्ती विधेयक बाबासाहेबांनी १९४३ मध्ये मांडले. पैसे मालकानेच द्यायचे, ही जुनी पद्धत तिथे कायम राहिली.

याच काळातील एक निर्णय त्यांच्यावर टीका ओढवून गेला. युद्धासाठी कोळसा कमी पडत असल्याने स्त्रियांना जमिनीखालील खाणकामावर असलेली बंदी १९४३ मध्ये उठवण्यात आली. बंदी पुन्हा लागू व्हायला १९४६ उजाडले. कामगारांच्या बाजूचा मंत्री असला तरी युद्धकाळातील सरकारच्या चौकटीत त्याला किती मोकळीक असते, हे यातून दिसते.

पद्धत दुसरी : कोळशाच्या प्रत्येक टनावर उपकर

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणींच्या दौऱ्यावर गेले. ते स्वतः खाणीत उतरले, मजुरांची घरे पाहिली. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला.

यातील युक्ती वेगळी होती. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर थोडा उपकर लावायचा आणि त्या पैशातून घरे, पाणी, दवाखाने, रुग्णालये उभारायची. मालकाने किती मजूर ठेवले, त्यातले किती आजारी पडले, याच्याशी उपकराचा संबंध नाही. त्यामुळे आजारी माणसाला काढून टाकून पैसे वाचवण्याचा मार्गच बंद होतो. पुढे याच निधीतून धनबाद आणि आसनसोल परिसरात खाण कामगारांसाठी मोठी रुग्णालये उभी राहिली. अभ्रकाच्या खाणींसाठीही १९४६ मध्ये असाच कायदा झाला.

नवी मुंबईकरांना ही पद्धत ओळखीची वाटेल. सानपाड्याला लागून असलेल्या एपीएमसी बाजारातील माथाडी कामगारांसाठी १९६९ च्या कायद्याने मंडळे स्थापन झाली. मजुरीबरोबर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात जमा करायची आणि त्यातून कामगारांना लाभ द्यायचे, ही रचना याच कुळातली.

पद्धत तिसरी : आधी वर्गणी, मग उपचार

मार्च १९४३ मध्ये सरकारने अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे एक काम सोपवले. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विमा कसा असावा, याचा आराखडा तयार करायचा. काही महिन्यांपूर्वीच, डिसेंबर १९४२ मध्ये, ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध झाला होता. जर्मनीत तर बिस्मार्कने १८८३ मध्येच कामगारांचा सक्तीचा आजारपण विमा आणला होता.

आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल दिला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांतील बारमाही कारखान्यांपासून सुरुवात करावी, विमा सक्तीचा असावा आणि कामगार व मालक दोघांनी वर्गणी भरावी, असा त्याचा गाभा होता. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन तज्ज्ञांनी, स्टॅक आणि राव यांनी, १९४५ मध्ये तो तपासला. सर्वच बारमाही कारखाने घ्यावेत आणि प्रसूती लाभ व कामावरील अपघाताची भरपाईही याच निधीत आणावी, अशी दिशा त्यांनी दिली.

इथे १९२८ चा प्रश्न सुटण्याच्या जवळ आला. प्रसूतीचा पैसा सामाईक निधीतून जाणार असेल, तर एखाद्या मालकाकडे दहा स्त्रिया असोत वा शंभर, त्याची वर्गणी फक्त एकूण वेतनावर ठरते. स्त्रीला काढून टाकून त्याचा काहीच फायदा होत नाही.

श्रेय नेमके कोणाचे?

समाजमाध्यमांवर कर्मचारी राज्य विमा कायदा थेट बाबासाहेबांनी केला, असे संदेश फिरतात. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे आणि ती नीट सांगणे त्यांच्या कामाला कमीपणा आणणारे नाही.

आडारकरांचा अहवाल आणि त्याची तपासणी बाबासाहेबांच्या कारकिर्दीत झाली. विधेयक मात्र नोव्हेंबर १९४६ मध्ये, म्हणजे त्यांनी पद सोडल्यानंतर, कायदेमंडळात आले. तेव्हा अंतरिम सरकारमध्ये मजूर खाते जगजीवन राम यांच्याकडे होते. कायदा झाला १९ एप्रिल १९४८ रोजी. त्या वेळी बाबासाहेब स्वतंत्र भारताचे कायदामंत्री होते. म्हणजे आराखडा आडारकरांचा, पाया घातला गेला तो आंबेडकरांच्या काळात आणि कायदा पूर्ण झाला जगजीवन राम यांच्या हाती.

महामंडळाचे पहिले महासंचालक होते डॉ. चुनीलाल कटियाल. लंडनच्या फिन्सबरी भागाचे ते १९३८ मध्ये महापौर झाले होते आणि तिथे सार्वजनिक आरोग्य केंद्र उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची १९३१ मधील भेट त्यांच्याच घरी झाली होती. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. पहिल्या टप्प्यात सुमारे १ लाख २० हजार कामगार होते. मुंबईत ती १९५४ मध्ये आली.

पैसे देण्याच्या पद्धतीने रुग्णाला काय फरक पडतो?

फरक दोन बाजूंनी पडतो. पहिली बाजू म्हणजे रुग्ण डॉक्टरकडे कधी जातो. खिशातून पैसे द्यायचे असतील तर माणूस थांबतो. खोकला दोन महिने अंगावर काढतो. पैसे आधीच भरलेले असतील तर लवकर जातो.

याचा चांगला पुरावा आपल्या सीमेलगतच्या कर्नाटकात आहे. गरीब कुटुंबांना हृदयविकार, कर्करोगासारख्या मोठ्या आजारांवर मोफत उपचार देणारी वाजपेयी आरोग्यश्री योजना तिथे २०१० मध्ये आधी राज्याच्या उत्तर भागात, बेळगाव विभागासह, सुरू झाली. योजना असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या हद्दीवरील गावांची तुलना संशोधकांनी केली आणि निष्कर्ष २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापले. योजनेत येणाऱ्या आजारांमुळे मृत्यूचे प्रमाण लाभ असलेल्या कुटुंबांत ०.३२ टक्के, तर लाभ नसलेल्या कुटुंबांत ०.९० टक्के आढळले.

दुसरी बाजू म्हणजे डॉक्टर आणि रुग्णालयाला पैसे कसे मिळतात. इथे चार मुख्य पद्धती आहेत :

• प्रत्येक तपासणी आणि शस्त्रक्रियेमागे पैसे : जितके जास्त उपचार, तितके जास्त बिल. धोका अनावश्यक उपचारांचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत हेच प्रमाण १४.३ टक्के होते. गुंतागुंतीचे रुग्ण कुठे जातात हेही यात पाहावे लागते, पण एवढी तफावत केवळ त्यातून समजावता येत नाही, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

• पगारी डॉक्टर : जास्त उपचार करण्याचा मोह नाही. पण रुग्णाला लवकर पाहण्याचेही बंधन नाही. धोका रांगेचा.

• माणशी ठरावीक रक्कम : डॉक्टरच्या यादीत जितके कामगार, तितके पैसे. कामगार आजारी पडो वा न पडो. धोका कमी वेळ देण्याचा आणि थोडा अवघड रुग्ण दिसला की पुढे पाठवण्याचा.

• आजारामागे ठरावीक पॅकेज : रुग्ण तीन दिवस राहो वा सात, रक्कम तीच. धोका रुग्णाला लवकर घरी धाडण्याचा.

मुंबईतील ‘पॅनल’ डॉक्टर

मुंबईत ईएसआय योजना आली तेव्हा तिसरी पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. गिरणगावातील खासगी डॉक्टर योजनेच्या यादीत नाव नोंदवत, त्यांना ‘पॅनल डॉक्टर’ म्हणत. कामगाराने घराजवळचा डॉक्टर निवडायचा आणि त्या डॉक्टरला माणशी ठरावीक रक्कम मिळायची. मोठ्या आजारासाठी परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयासारखी योजनेची स्वतंत्र रुग्णालये होती.

फायदा उघड होता. चाळीच्या कोपऱ्यावरचा, घरच्यांना नावाने ओळखणारा डॉक्टर मिळाला. तोटाही उघड होता. दवाखान्यात शंभर माणसे आणि प्रत्येकाला दोन मिनिटे. खोट्या आजारपणाच्या दाखल्यांच्या तक्रारीही झाल्या, कारण दाखला दिला नाही तर कामगार यादीतून नाव काढून दुसरा डॉक्टर निवडू शकत होता.

योजनेत एक मोठी जमेची बाजू आहे, ती केवळ उपचारापुरत्या विम्यात नसते. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या दीर्घ आजारांत ही मदत वाढीव दराने आणि अधिक काळ मिळते. क्षयरोगी अर्ध्यावर गोळ्या सोडतो, तेव्हा त्यामागे अनेकदा कामावर परतण्याची घाई असते. बुडालेली मजुरी भरून मिळाली, तर उपचार पूर्ण होण्याची शक्यता वाढते. परळच्या चाळीतला तो दुहेरी तोटा इथे दोन्ही बाजूंनी भरून निघतो.

पॅकेज पद्धतीचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ योजनेने १९८३ मध्ये रुग्णालयांना आजारानुसार ठरावीक रक्कम देणे सुरू केले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रँड संस्थेच्या अभ्यासात रुग्णालयातील मुक्काम सुमारे २४ टक्के कमी झाल्याचे आढळले. एकूण मृत्यू वाढले नाहीत. मात्र प्रकृती पुरती स्थिर नसताना घरी पाठवलेल्या रुग्णांचे प्रमाण १५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेले.

हा अनुभव महाराष्ट्राला महत्त्वाचा आहे. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही रुग्णालयांना आजारनिहाय ठरलेली पॅकेज रक्कम मिळते. योजनेचे संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. पॅकेजची रक्कम खर्चापेक्षा कमी ठेवली, तर रुग्णालये ते उपचार टाळतात किंवा रुग्णाकडे वरचे पैसे मागतात. जास्त ठेवली, तर गरज नसलेल्या शस्त्रक्रिया वाढतात. त्यामुळे केवळ किती रुग्णांना लाभ दिला हे मोजून भागत नाही. घरी गेल्यावर रुग्णाचे काय झाले, तो पुन्हा दाखल झाला का, हेही मोजावे लागते.

बाहेर कोण राहिले?

ईएसआयची सर्वात मोठी मर्यादा तिच्या जन्मातच आहे. ती कारखान्यापासून सुरू झाली. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया, नाक्यावरचे मजूर तिच्या बाहेर राहिले. आज साधारणपणे १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत, दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू होते. २१ हजारांची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तशीच आहे. पगार थोडा वाढला की कर्मचारी योजनेबाहेर जातो, पण खासगी रुग्णालयाचे बिल भरण्याइतका तो मोठा झालेला नसतो.

ही फट १९४० च्या दशकातही दिसत होती. मूळचे नाशिकचे सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये वेगळी वाट सुचवली होती. पैसे नाहीत म्हणून कोणाचाही उपचार अडू नये, यासाठी सरकारने करातून सर्वांसाठी आरोग्यसेवा उभारावी, अशी ती वाट होती.

बाबासाहेबांनीही १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात विम्याचा व्यवसाय फक्त राज्याच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईनुसार आयुर्विमा सक्तीचा करावा, असे सुचवले होते. ते राज्यघटनेत आले नाही. घटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत मात्र आजारपणातील मदत, प्रसूती साहाय्य आणि सार्वजनिक आरोग्य यांना अनुक्रमे कलम ४१, ४२ आणि ४७ मध्ये जागा मिळाली. न्यायालयात थेट मागता येत नाहीत, पण सरकारने पाळायची अशी ही तत्त्वे आहेत.

शेवटची वर्षे

स्वतः बाबासाहेबांची प्रकृती १९४० च्या दशकाच्या अखेरीस ढासळली होती. मधुमेह आणि पायांच्या तीव्र वेदनांनी ते त्रस्त होते. मुंबईत डॉ. माधवराव मालवणकर यांच्या दवाखान्यात उपचार घेताना त्यांची डॉ. शारदा कबीर यांच्याशी ओळख वाढली. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांचा विवाह झाला. पुढे त्या डॉ. सविता आंबेडकर म्हणून ओळखल्या गेल्या. त्यानंतर चारच दिवसांनी कर्मचारी राज्य विमा कायदा अस्तित्वात आला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे निधन झाले.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

१. पगारपत्रकात ईएसआय कपात दिसत असेल, तर तुमच्या नावाचा विमा क्रमांक असतो. तो मालकाकडून किंवा कंत्राटदाराकडून मागून घ्या. नोकरी बदलली तरी तोच क्रमांक पुढे चालवायचा असतो.

२. कुटुंबीयांची नावे नोंदली आहेत का, ते तपासा. उपचाराचा लाभ पात्र कुटुंबीयांनाही मिळतो. रुग्णालयाच्या दारात पोहोचल्यावर नाव नसल्याचे कळणे सर्वात महागात पडते.

३. सध्या कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे. हे दर १ जुलै २०१९ पासून लागू आहेत. मालकाचा वाटाही तुमच्याच पगारातून कापला जात असेल, तर ते नियमात बसत नाही.

४. आजारपणातील वेतन आपोआप खात्यात येत नाही. योजनेच्या डॉक्टरचा दाखला आणि दावा, दोन्ही वेळेत द्यावे लागतात.

५. महिला कामगारांना पात्रतेच्या अटी पूर्ण झाल्यास २६ आठवड्यांचा प्रसूती लाभ महामंडळाकडून मिळतो, मालकाकडून नव्हे. त्यामुळे खर्चाचे कारण सांगून कोणी नोकरी सोडायला सांगत असेल, तर ते कारण खरे नाही.

१९२८ मध्ये मुंबईच्या सभागृहात ज्या खर्चावरून वाद झाला होता, तो आज पगारपत्रकातील एका छोट्या ओळीत येऊन बसला आहे. १३५ रुपये तर कापले जातातच. त्या बदल्यात काय मिळायला हवे, हे माहीत असेल तरच ते मागता येते.